मेनू नव्याने लोड झाला की क्लिक बंद पडतो? असं करा

रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याची साइट घ्या. मेनूत जळगाव, धुळे, नंदुरबार. धुळ्यावर क्लिक केलं की सर्व्हरकडून धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा हे चार तालुके येऊन मेनूत बसतात. आता शिरपूर दाबा. ढिम्म! ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे कोडच्या चुका दिसतात) एररही नाही.

हँडलर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारं जावास्क्रिप्ट फंक्शन, लावला तेव्हा पानावर ज्या लिंका होत्या, त्यांनाच तो लागला. मेनूच्या ज्या भागाचं इनरएचटीएमएल (आतलं एचटीएमएल) बदललं, त्यातल्या जुन्या लिंका गेल्या, त्यांच्यासोबत हँडलरही गेला. नवी लिंक दिसायला तशीच, क्लासही तोच, पण तिला कुणी काही लावलेलंच नाही.

बरेच जण मग दर लोडनंतर सगळ्या लिंकांना हँडलर पुन्हा लावत बसतात. मला हे पटत नाही. जिल्ह्यांच्या लिंका तर बदललेल्याच नसतात. त्यांना दुसरा हँडलर चिकटतो आणि एका क्लिकला यादी दोनदा मागवली जाते.

त्यापेक्षा आधी असा बाहेरचा एलिमेंट शोधा, ज्याच्या आतलं बदलतं पण जो स्वतः जागेवर राहतो. बहुधा मेनूभोवतीचा नॅव्ह हा टॅग. सर्व्हर नॅव्हसकट सगळं नव्याने पाठवत असेल, तर एक पायरी वर जा.

मग प्रत्येक तालुक्याच्या लिंकेला डेटा-तालुका हा ॲट्रिब्यूट द्या आणि क्लिकचा हँडलर एकदाच, नॅव्हला लावा. क्लिक जिथे होतो तिथून एकेक पालक एलिमेंट चढत वर जातो, यालाच बबलिंग म्हणतात. त्यामुळे लिंक जुनी असो की आत्ता आलेली, क्लिक नॅव्हपर्यंत पोचतोच.

खरी गोची हँडलरच्या आत आहे. लिंकेत केळीचं छोटं आयकॉन असेल आणि बोट नेमकं त्यावर पडलं, तर इव्हेंटचं टार्गेट आयकॉन निघतं, लिंक नाही. म्हणून टार्गेट थेट तपासू नका. त्यावर क्लोझेस्ट (स्वतःपासून वर शोधत जाणारं फंक्शन) चालवून डेटा-तालुका असलेली सर्वांत जवळची लिंक मिळवा. नल आलं, म्हणजे अशी लिंक सापडली नाही, तर तिथूनच परत फिरा. लिंक मिळाली की प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलवा, म्हणजे ब्राउझर लिंकेवर जाणार नाही, मग डेटासेटमधून (लिंकेच्या डेटा- ॲट्रिब्यूटांतून) तालुक्याचं नाव घ्या.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर नॅव्हवर ऑन बोलवा आणि क्लिक, सिलेक्टर (कोणत्या लिंका हव्यात ते), फंक्शन या क्रमाने द्या. मधला सिलेक्टर विसरलात तर मेनूत कुठेही दाबलं तरी फंक्शन चालेल. जुन्या लेखांतलं लाइव्ह हे जेक्वेरीचं फंक्शन वापरू नका. 2013 मध्ये आलेल्या 1.9 आवृत्तीत ते काढून टाकलं आहे.

तरीही क्लिक पोचत नसेल तर एखाद्या प्लगइनमध्ये स्टॉपप्रोपगेशन (बबलिंग थांबवणारं फंक्शन) आहे का बघा. माऊसएंटर आणि फोकस हे इव्हेंट बबल होत नाहीत. त्यांच्याऐवजी माऊसओव्हर आणि फोकसइन घ्या.

शेवटी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून नंदुरबार, धुळे, पुन्हा नंदुरबार असं फिरा. दर क्लिकला एकच रिक्वेस्ट दिसायला हवी. दोन दिसल्या तर हँडलर लावणारी ओळ मेनू लोड करणाऱ्या फंक्शनच्या आत राहिली आहे का बघा, आणि असेल तर बाहेर काढा.