अपुऱ्या झोपेतही मुदतीत गेलेले लेख

मालवणातल्या आमच्या पडवीच्या पत्र्यांवर आषाढाचा पाऊस रात्रभर वाजत राहिल्याने गेल्या आठवड्यात मला जेमतेम चार-साडेचार तास झोप मिळाली, तरीही ठरलेले पाचही लेख मी मुदतीत पाठवले. पहिले दोन दिवस मी चहावर चहा घेत रात्री लिहीत बसलो, ही चूकच होती. एका परिच्छेदात ‘निसर्गरम्य’ हा शब्द तीनदा आल्याचे सकाळी दिसले. कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ५ तास लागतात, म्हणून तिसऱ्या दिवसापासून दुपारी १२ नंतर चहा बंद केला (पावसात हे कठीणच), नवे लेखन सकाळी ६ ते ९ मध्ये उरकले आणि बिले, ईमेल दुपारवर ढकलले. जेवणानंतर गजर लावून २० मिनिटेच पडलो, कारण त्याहून लांबलेल्या झोपेतून उठल्यावर डोके जड राहते.