सतोपंथला निघण्याआधी: परवानग्या आणि बर्फाची पाहणी

उत्तराखंडातील गंगोत्री खोऱ्यातले सतोपंथ शिखर (7,075 मीटर) चढायचे ठरले, की पहिला अर्ज दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे, म्हणजे आयएमएफकडे, करावा लागतो. मात्र आयएमएफचे पत्र हाती आले म्हणजे वाट मोकळी झाली, असे समजू नये. शिखराकडे नेणारी गोमुखाची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, त्यामुळे वन विभागाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि गंगोत्रीपुढच्या कनखू चौकीवर ती तपासली जाते. सदस्यांची नावे अर्जात आणि आधार कार्डावर अक्षरशः सारखी असावीत. ‘विनायक’ एका कागदावर ‘विनायकराव’ झाला, तरी चौकीवर अख्खा दिवस मोडू शकतो.

उपग्रह फोनबाबत विशेष जपावे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात बाळगणे बेकायदा आहे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांनाही हाच नियम लागू होतो. अमेरिकेतून किंवा युरोपातून मोहिमेत सामील होणाऱ्या आपल्या मित्रांना हे ठाऊक नसते, म्हणून त्यांना तिकीट काढण्याआधीच सांगावे.

परवानगीच्या तारखा मागताना चढाईच्या आराखड्यावर किमान चार-पाच दिवस जास्तीचे धरावेत, असा माझा आग्रह आहे. मुदत संपत आलेली असली, की माणूस नको त्या दिवशी वर निघतो.

हवामान विभागाचा उत्तरकाशी जिल्ह्याचा अंदाज निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज पाहावा, पण तो मुख्यतः खालच्या वस्तीसाठी असतो हे ध्यानात ठेवावे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे 3,100 मीटरवरच्या गंगोत्रीत 10 अंश असतील, तर 6,000 मीटरवर उणे 9 च्या आसपास असेल आणि वाऱ्यामुळे थंडी त्याहून कितीतरी अधिक बोचेल. पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारे वादळी हवामान, येत असल्याचा इशारा असेल, तर वरच्या कॅम्पकडे निघू नये. ताज्या बर्फानंतर किमान एक-दोन दिवस 30 ते 45 अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो, आणि आकाश निरभ्र झाले म्हणून तो लगेच सरत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी याच जिल्ह्यातील द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनाने प्रशिक्षणार्थींच्या तुकडीतील पंचवीसहून अधिक जणांचा बळी घेतला, हे पावसाळ्यानंतरच्या मोहिमा आखणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावे.

शेवटची पाहणी बर्फावरच होते. पहाटे तीनला निघताना आइस अ‍ॅक्सचा दांडा बर्फात रोवून पाहावा. तो वीतभर जाऊन अडला, तर रात्रीच्या गारठ्याने बर्फ धरला आहे असे मानता येते. सकाळी दहाला त्याच जागी तो मुठीपर्यंत सहज गेला, तर क्रेव्हासवरचे, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगांवरचे, हिमपूलही तितकेच ढिले पडले आहेत असे समजावे आणि परतीची वेळ दुसऱ्या दिवशी त्याआधीची ठेवावी. रात्रीच बर्फ गोठला नसेल, तर दोर बांधूनही पुढे जाऊ नये. वासुकी तालाच्या बेस कॅम्पवर आधीची तुकडी भेटली, तर वरच्या सुरीसारख्या धारेवर भुसभुशीत बर्फ आहे की उघडा आइस, म्हणजे काचेसारखा कडक गोठलेला थर, हे आवर्जून विचारावे, कारण दोर आणि आइस स्क्रू (दोर अडकवण्यासाठी आइसमध्ये फिरवून बसवायचे खिळे) किती न्यायचे ते त्यावर ठरते.

परतीची तारीख, आणि त्यानंतर किती तासांत निरोप न आल्यास उत्तरकाशीत कोणाला कळवायचे, हे घरच्या एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवावे.