सर्वांत शक्तिशाली काल्पनिक पात्र कोण? हा वाद घालण्याची रीत

सुपरमॅन बलाढ्य की जपानी ‘ड्रॅगन बॉल’ मालिकेतला गोकू, थॅनॉस भारी की हल्क, हा प्रश्न शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, कॉलेजच्या कँटीनमध्ये किंवा संध्याकाळच्या कर्जत लोकलच्या दारात एकदा निघाला, की बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतो आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोच वाद पुन्हा उकरून काढतो. वाद खरोखर रंगायचा असेल आणि शेवटी काही हाती लागायचे असेल, तर ज्या गोष्टींवरून भांडण पेटते त्यांपैकी बऱ्याचशा गोष्टी तोंड उघडण्यापूर्वीच ठरवून टाकाव्या लागतात. काल्पनिक पात्राचे बळ म्हणजे त्याच्या कथेत दाखवलेले बळ, एवढे एक तत्त्व मंडळींनी मान्य केले की पुढची रीत त्यातूनच निघते.

आपले म्हणणे प्रथम एका वाक्यात मांडावे आणि ते मध्येच बदलू नये. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणारी वितंडा. कट्ट्यावर शुद्ध वादाची अपेक्षा ठेवणे जरा जास्तच होईल. जल्पावर समाधान मानावे, पण वितंडा करणाऱ्याला ‘आधी तुझा उमेदवार सांग’ असे म्हणून जागच्या जागी थांबवावे. बोलणारा ज्या चुकांमुळे हरला असे समजावे, अशी 22 निग्रहस्थानेही त्याच दर्शनात दिली आहेत. त्यांतले प्रतिज्ञांतर, म्हणजे हरकत आल्यावर मूळ विधानाला गुपचूप दुसरे रूप देणे, हे आपल्या विषयात इतके बोकाळलेले आहे की सूत्रकारांनी कॉमिक्स वाचली होती की काय, असा संशय यावा.

हे प्रतिज्ञांतर सर्वांत जास्त होते ते पात्राच्या आवृत्तीवरून. 1938 साली पहिल्यांदा छापून आलेला सुपरमॅन उडू शकत नव्हता. तो उड्या मारत असे, आणि त्याची उडी मैलाच्या एक अष्टमांश, म्हणजे साधारण 200 मीटर जाते, असे त्याच्या पहिल्याच कथेत नमूद केले आहे. दादरच्या फलाटाला लागलेली बारा डब्यांची लोकल याहून लांब असते. मोटरमनच्या केबिनपासून गार्डच्या डब्यापर्यंतचे अंतर त्या सुपरमॅनला एका झेपेत कापता आले नसते. त्याची त्वचा तोफगोळ्याच्या स्फोटाने फाटू शकते, हेही त्याच पानावर कबूल केलेले आहे. पुढे तो उडू लागला, काही दशकांनी ग्रह जागचे हलवू लागला, आणि 1986 साली त्याची कथा नव्याने मांडली गेली तेव्हा त्याचे बळ पुन्हा मुद्दाम घटवण्यात आले. एकाच निळ्या-लाल पोशाखात असे निदान तीन निराळे गडी उभे असताना नुसते ‘सुपरमॅन’ एवढेच म्हणणारा माणूस खरे तर काहीच म्हणत नसतो. थॅनॉसचेही तसेच आहे. सहा मण्यांचा हातमोजा घातलेला थॅनॉस आणि मोकळ्या हातांचा थॅनॉस हे दोन वेगळे उमेदवार धरावेत. कोणत्या काळातले, कोणत्या माध्यमातले आणि कोणत्या साधनासह, हे तिन्ही प्रश्न आधी विचारावेत, म्हणजे पुढची अर्धी बोलाचाली वाचते.

यानंतर शक्ती कशाला म्हणायचे, ते ठरवावे. सर्वसाधारण समज असा की शक्ती म्हणजे उचलण्याची, फोडण्याची आणि मार सोसण्याची ताकद. या व्याख्येवर चर्चा चालवायला माझी हरकत नाही, पण त्यामुळे काही उत्तम उमेदवार स्पर्धेबाहेर राहतात. मुंबईतल्या कोणत्याही चाळीत किंवा सोसायटीत दहा वर्षांच्या पोराला हा प्रश्न विचारला तर तो डोरेमॉनचे नाव घेण्याची शक्यता बरीच आहे, आणि मोठी माणसे यावर हसतात. त्यांनी हसू नये. 1969 साली अवतरलेला हा निळा यंत्रमांजर 129.3 सेंटीमीटर उंच, 129.3 किलो वजनाचा आणि 129.3 अश्वशक्तीचा आहे, म्हणजे अंगबळाच्या हिशेबात तो किरकोळच. पण त्याच्या पोटावरच्या खिशात एक टेलिफोन बूथ आहे, ज्यात शिरून ‘जग असे असते तर’ एवढे बोलले की जग तसे होते. ज्याच्याजवळ वास्तवच बदलण्याची सोय आहे, त्याच्यापुढे ग्रह फोडणाऱ्याचा पाड तो काय लागणार? यावर दोन हरकती घेता येतात आणि त्या दोन्ही वजनदार आहेत. एक, शक्ती उपकरणाची की पात्राची, हा प्रश्न येथेही उरतोच. दुसरी, डोरेमॉन उंदीर पाहताच भान हरपतो, आणि ऐन वेळी खिशातून नको ती वस्तू बाहेर काढण्याची त्याची सवय सर्वज्ञात आहे. मला स्वतःला हा उमेदवार मनापासून आवडतो, कारण त्याच्यावरून वाद घालताना व्याख्येला हात घालावाच लागतो.

‘डेथ नोट’ या जपानी कथेतली वही हेही असेच एक चांगले प्रकरण आहे. चेहरा डोळ्यांसमोर आणून नाव लिहायचे, मृत्यूचे कारण लिहिले नाही तर 40 सेकंदांत हृदय बंद पडते. उत्साही वकील लगेच सांगतो की वही हाती असलेला मुलगा सुपरमॅनला बसल्या जागी संपवील. येथे मूळ नियम वाचून दाखवावा: वहीत नाव लिहिलेला ‘माणूस’ मरतो, आणि सुपरमॅन क्रिप्टॉन ग्रहाचा आहे. एका शब्दावर निकाल फिरतो, म्हणून मूळ मजकूर जवळ बाळगणे फायद्याचे असते.

आता पुराव्याविषयी, आणि हाच भाग सर्वांत कसोशीने सांभाळण्याचा आहे. जाणकार मंडळी ज्याला ‘फीट’ म्हणतात, म्हणजे पात्राने कथेत प्रत्यक्ष करून दाखवलेली कृती, ती सर्वांत वरची मानावी. त्याखाली निवेदकाचे विधान येते, त्याहीखाली पात्रांनी स्वतःबद्दल किंवा शत्रूबद्दल केलेली वक्तव्ये. पात्रे खोटे बोलतात, फुशारक्या मारतात आणि त्यांचे अंदाज चुकतात. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये गोकूशी लढताना त्याचा शत्रू फ्रीझा ठणकावून सांगतो की नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार. दूरचित्रवाणीवर ती पाच मिनिटे अनेक भाग चालतात. त्याच फ्रीझाच्या पहिल्या रूपाच्या ताकदीचा आकडा 5,30,000 असा दिला जातो, आणि त्यानंतर कथाच अशा आकड्यांचा नाद जवळजवळ सोडून देते, म्हणून आकड्यांची तुलना करणाऱ्याला तो कोणत्या पर्वातला आकडा देत आहे, हे विचारावे.

अनेकदा फीटवरून हिशेब मांडले जातात. त्याच मालिकेत कासवगुरू म्हणून ओळखला जाणारा म्हातारा रोशी एका प्रहारात चंद्र नाहीसा करतो. चंद्राचे तुकडे कायमचे विखरून टाकायला लागणारी ऊर्जा 1 या अंकावर 29 शून्ये इतक्या ज्यूलच्या आसपास येते, आणि मग सांगितले जाते की त्याच्याहून बलवान असलेल्या प्रत्येकाची ताकद किमान एवढी धरावी. अशा साखळीला स्केलिंग म्हणतात. ती पूर्णपणे टाकाऊ नाही, परंतु तीन कड्यांपलीकडे मी तरी ती मान्य करत नाही. मुंबईने चेन्नईला हरवले आणि चेन्नईने कोलकात्याला, म्हणून मुंबई कोलकात्याला हरवणारच, असे वानखेडेवर नियमित जाणारा माणूस कधीही म्हणणार नाही. शिवाय उलट बाजूचा पुरावाही तितक्याच आवाजात सांगावा लागतो. देवांच्या पंक्तीला बसण्याइतका बलवान झालेला गोकू एका प्रसंगी बेसावध असताना फ्रीझाच्या हाताखालच्या माणसाच्या अंगठीतून सुटलेल्या किरणाने कोसळतो. त्याचा चाहता याला अपवाद म्हणेल, आणि कदाचित तो बरोबरही असेल. मग चंद्राचा प्रसंगही अपवाद नव्हे कशावरून, हे त्याने सांगितले पाहिजे.

ज्यांच्या बळाला मर्यादाच नाही, अशांना मी स्पर्धेत घेत नाही. मार्व्हल या प्रकाशनाच्या कॉमिक्सविश्वात सगळ्यांच्या वर बसलेला ‘वन अबव्ह ऑल’ आहे. त्याचे नाव घेतले की चर्चा तेथेच संपते. ‘वन पंच मॅन’ या जपानी कथेतला सैतामा जवळजवळ प्रत्येक शत्रूला एका ठोशात लोळवतो, आणि तोच त्या कथेतला विनोद आहे, त्यामुळे त्याला दुसऱ्याच्या कथेत नेऊन बसवले की विनोदही जातो आणि पुरावाही. हल्क रागाबरोबर वाढतो, पण ‘आजवर मर्यादा दिसली नाही’ आणि ‘मर्यादा नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

रामायण-महाभारतातील नावे या चर्चेत आणू नयेत. कोणीतरी हनुमंताचे नाव घेणारच. त्याला नम्रपणे सांगावे की ज्यांची पूजा होते त्यांना आपण काल्पनिक पात्रांच्या यादीत बसवत नाही. हा नियम अगदी सुरुवातीलाच सांगितला तर कोणाचे मन दुखावत नाही. शक्तिमान, नागराज, चाचा चौधरींचा साबू या देशी नायकांना मात्र मुक्तद्वार असावे. गुरू ग्रहावरून आलेल्या साबूकडे इतके दुर्लक्ष का होते, हे मला कधी कळलेले नाही.

लढतीच्या अटी ठरवताना जागा, तयारीचा वेळ, एकमेकांविषयीची माहिती आणि विजय कशाला म्हणायचे, एवढे पुरते. जागेला लोक किरकोळ समजतात, आणि ते चुकते. लढत निर्जन वाळवंटात आहे असे धरले तर सुपरमॅन पूर्ण ताकद वापरील. तीच लढत संध्याकाळी सहा वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य फलाटांजवळ ठेवली, तर त्याचे निम्मे लक्ष कोसळणारे छत पेलण्यात आणि माणसे बाजूला काढण्यात जाईल, कारण पात्राचा स्वभाव हाही त्याच्या कथेत दाखवलेलाच पुरावा आहे. तयारीचा वेळ ही बॅटमनच्या चाहत्यांची हक्काची मागणी असते. ती द्यावी, पण समोरच्यालाही तेवढाच वेळ मिळेल, हे त्याच श्वासात सांगावे.

बोलण्याच्या पद्धतीविषयी एकच आग्रह धरतो: समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आधी आपण मांडून दाखवावे, मग खोडावे. लोकलमध्ये हे विशेष उपयोगी पडते, कारण चर्चेत न बोलावलेला चौथा माणूस हमखास शिरतो. समजा, फँटमला वेताळ म्हणणाऱ्या पिढीतले खिडकीजवळचे एक काका म्हणाले, “तुमचे ते सगळे राहू द्या, आमच्या वेळच्या वेताळासमोर कोणी टिकले नसते.” त्यांना उडवून लावण्यापेक्षा असे म्हणावे: “काका, तुमचे खरे आहे, वेताळाच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नव्हती, तरी तो सगळ्यांना पुरून उरायचा. आपण शक्तीविना लढणाऱ्यांचा गट वेगळा करू, तुम्ही त्यात त्याची बाजू मांडा.” 1936 साली अवतरलेल्या त्या वेताळाचे ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक अशा काकांनी अजून जपून ठेवलेले असण्याची शक्यता असते, आणि मग पुरावा आयताच चालून येतो.

शेवटी कोणीतरी ठेवणीतले वाक्य काढतो की लेखक ठरवील तो जिंकतो, मग हा खटाटोप कशाला. विधान खरे आहे, पण ते प्रत्येक उमेदवाराला सारखेच लागू पडत असल्यामुळे कोणाच्याच बाजूचा पुरावा ठरत नाही. 1996 साली डीसी आणि मार्व्हल या दोन प्रकाशनांनी आपापली पात्रे एकमेकांशी लढवली, तेव्हा पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला होता. डीसीच्या सुपरमॅनने मार्व्हलच्या हल्कला हरवले आणि मार्व्हलच्या वुल्व्हरिनने डीसीच्या लोबोला. लोबो किती चिवट आहे हे ठाऊक असलेला वाचक आजही त्या दुसऱ्या निकालावर कपाळाला हात लावतो. लोकप्रियता मोजायची असेल तर मतदान घ्यावे. बळ मोजायचे असेल तर वादात न पडलेल्या एकाला पंच नेमून त्याच्याकडून निकाल घ्यावा.

तो निकाल नेहमी अटींसह, फोनवर एका ओळीत लिहून ठेवावा: अमुक काळातला अमुक, अमुक ठिकाणी, तयारीविना, तमुकाला हरवतो. पुढे नवा अंक किंवा नवा चित्रपट आला तर प्रकरण पुन्हा उघडता येईल, मात्र उघडणाऱ्याने ते पान किंवा तो प्रसंग सोबत आणला पाहिजे, आणि लोकल ठाणे स्टेशनला पोहोचेपर्यंत तो दाखवता आला नाही तर जुना निकाल कायम समजावा.