पायथागोरस शिकवायला माटोळी घ्या
पोराला पायथागोरस घडाघडा पाठ आहे पण गणितात कुठे लावायचा ते कळत नाही, असं असेल तर चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात ती) बांधायच्या आधी तिची लाकडी चौकट अंगणात ठेवा आणि टेप त्याच्या हातात द्या. आमची चौकट 4 फूट बाय 3 फूट, मग कर्ण किती? 16 अधिक 9 म्हणजे 25, वर्गमूळ 5. आता आतल्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचं, 5 फूट नाही आलं तर गणित बरोबरच आहे, चौकट वाकडी झालीय (आमची निघाली, पाऊस!). दुसरा कर्णपण मोजायला लावा, समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे तरच आयत, नाहीतर नुसता समांतरभुज चौकोन.

पेपरात काटकोन त्रिकोणाच्या बाजू म्हणून येणारी 3-4-5, 5-12-13, 8-15-17 ही त्रिकुटं आणि यांच्या पटी ओळखता आल्या की 9 आणि 12 दिसल्यावर 15 लिहून मोकळं. पण 5 हा कर्णच आणि 4 ही बाजू दिली असेल तर बेरीज नाही हां, 25 वजा 16, पोरं मार्क घालवतात ती इथेच.