जुन्या थडग्यांवरून पूर्वज शोधताय? या चुका टाळा

मॅसॅच्युसेट्समधल्या दफनभूमीत हौशी मंडळी येतात, फोटो काढतात, दिसलं ते साल त्याच संध्याकाळी वंशावळीत भरतात. घाई नडते ती इथेच.

१७५२ पूर्वी इंग्रजांच्या वसाहतींत नवं साल २५ मार्चला लागायचं. आपला शक फाल्गुन संपल्यावर बदलतो ना, तसंच. म्हणजे डिसेंबर १७१७ नंतरचा फेब्रुवारीही १७१७चाच. माझ्या सासूबाईंच्या घराण्यातल्या एका बाईच्या दगडावर ‘फेब्रुवारी १७१७’ कोरलंय आणि गावच्या नोंदीत तिच्या शेवटच्या मुलाचा जन्म डिसेंबर १७१७चा. आई गेल्यावर दहा महिन्यांनी मूल कसं होईल? नवऱ्यानं दुसरं लग्न केलं असणार, असं मी धरलं आणि त्या दुसरीचं माहेर शोधण्यात दोन हिवाळे घालवले. दुसरी कुणी नव्हतीच. बाळ दोन महिन्यांचं असताना आई गेली होती. तेव्हापासून जानेवारी ते २४ मार्चमधली जुनी तारीख दिसली की मी दोन्ही सालं लिहिते: १७१७/१८. जुन्या नोंदीत नुसता ‘पहिला महिना’ असेल, तर तो मार्च.

‘वयाच्या ४५व्या वर्षी’ म्हणजे पंचेचाळिसावं लागलं होतं. पूर्ण ४४च. जन्मसाल काढताना हे विसरू नका.

‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. ‘कॉन्सॉर्ट’ लिहिलं असेल तर बहुतेक सवाष्ण गेलेली.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असं नाही. एका गावात एकाच नावाचे काका-पुतणे असले तरी थोरला-धाकटा असंच लिहायचे.

दगडावर १६९० आणि वर विलोचं झाड नि कलश? तो दगड नातवंडा-पतवंडांनी मागाहून बसवलेला. त्या काळी पंखवाली कवटी कोरत.

‘तीन भाऊ जहाजातून आले’ ही कथा घरोघरी सांगतात. कागद मिळेपर्यंत मी ती वंशावळीत घेत नाही.

आणि कृपा करून अक्षरं उठावीत म्हणून दगडाला शेव्हिंग क्रीम फासू नका, तारेचा ब्रश तर नकोच. तीनशे वर्षं टिकलेला पाटीचा दगड अशानं पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो. मी घरून लांबट आरसा नेते. कुणाला तरी तो बाजूला धरायला सांगून ऊन दगडावर तिरकं पाडायचं. खाचांत सावली भरते आणि ज्याला आपण १ समजत होतो, तो ७ निघतो.