मधुमेही मुलाच्या घरी पावसाळ्यापूर्वीची तयारी

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला तातडीने रुग्णालयात हलवावे लागते ते मुख्यतः दोन वेळी: इन्सुलिन कमी पडून रक्तात किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारी आम्ले) साचतात तेव्हा, किंवा साखर फार उतरून मूल बेशुद्ध पडते तेव्हा. कोकणात याची तयारी मे महिन्यातच उरकावी, कारण पुढे वीज बेभरवशाची होते आणि आंबोली घाटात दरड कोसळली की कोल्हापूरची वाट अडते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे, मात्र बर्फाच्या कप्प्यात नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे लागते. वीज दीर्घकाळ गेल्यास कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. उघडल्याची तारीख कुपीवर लिहावी, कारण बहुतेक प्रकार त्यानंतर सुमारे २८ दिवसच वापरायचे असतात. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या व सेल जास्तीचे आणावेत. लघवीतील किटोन तपासण्याच्या पट्ट्या गावच्या औषध दुकानात असतीलच असे नाही, म्हणून त्या आधी सांगून मागवाव्यात.

मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे, ही आजारपणातली सर्वांत घातक समजूत आहे. तापात इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. मात्रा कमी-जास्त होईल, पण दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण थांबवू नये, आणि कोणत्या साखरेला किती द्यायचे हे मूल ठणठणीत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो कागद स्वयंपाकघरात लावावा. अशा दिवसांत दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, साखर तपासावी. साखर चढलेली असेल तर साधे पाणी घोटघोट पाजावे, उतरू लागली तर पेज किंवा साखरपाणी. आजाऱ्याला हमखास दिल्या जाणाऱ्या शहाळ्यातही साखर असते, हे आजीलाही सांगून ठेवावे.

उलट्या थांबत नाहीत, पोट दुखते, श्वास खोल व भरभर चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, गुंगी आहे किंवा किटोन मध्यम वा जास्त आहेत, यांपैकी काहीही आढळल्यास घरी वाट पाहू नये. ही लक्षणे पोट बिघडल्यासारखी किंवा दम्यासारखी वाटतात, म्हणून रुग्णालयात पहिले वाक्य ‘मुलाला मधुमेह आहे’ हेच असावे. तेथे सलाईन व इन्सुलिन शिरेतून देताना पोटॅशियम आणि मेंदूला सूज येण्याची शक्यता यांवर तासातासाला लक्ष ठेवावे लागते. प्रत्येक दवाखान्याला ते जमत नाही. तेव्हा जवळच्या कोणत्या रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता विभाग आहे याची चौकशी आधी करावी. सिंधुदुर्गच्या दक्षिण भागातून गोव्यातील बांबोळीचे शासकीय रुग्णालयही विचारात घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

साखर ७० च्या खाली गेल्यास मोठ्या मुलाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, लहानाला वजनानुसार कमी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. वर्गशिक्षकांनाही हे लेखी द्यावे. रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी त्यातील पहिली दोन लागतात.