परक्या विषयाचा शोधनिबंध वाचताना नमुने कसे मोजावेत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला चर्चासत्रासाठी कधी कधी आपल्या विषयाबाहेरचा शोधनिबंध वाचावा लागतो. डुकरांच्या रोगावरचा निबंध भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो, तर लेझरवरचा किंवा सिरॅमिकच्या चाचणीवरचा निबंध प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या. अशा वेळी बहुतेक जण परिभाषेचा कोश घेऊन बसतात आणि दोन दिवसांनी थकून निष्कर्षाचा परिच्छेद तेवढा उतरवून काढतात. माझा सल्ला वेगळा आहे. परिभाषा नंतर पाहावी. लेखकाने स्वतंत्र नमुने किती तपासले, हे आधी शोधावे. हा प्रश्न तिन्ही विषयांत सारखाच लागू पडतो आणि तो विचारण्यासाठी त्या विषयातील तज्ज्ञ असण्याची गरज नसते.

स्वतंत्र नमुना म्हणजे काय, हे रावेर-यावलच्या केळीच्या बागेत चटकन समजते. एका घडाच्या एकाच फणीतील बारा केळी मोजली, तर त्या घडाची माहिती मिळते, बागेची नाही. ती बारा केळी एकाच खोडावर, एकाच पाण्यावर वाढलेली असतात. बागेविषयी काही म्हणायचे असेल, तर निरनिराळ्या ठिकाणची बारा खोडे पाहावी लागतात. मोजलेली केळी दोन्ही वेळा बाराच असली, तरी पहिल्या वेळी नमुना एक असतो आणि दुसऱ्या वेळी बारा.

वाचनाची सुरुवात सारांशापासून न करता ‘साहित्य आणि पद्धती’ या भागापासून करावी. हातात पेन्सिल घेऊन त्या भागातील प्रत्येक संख्येखाली रेघ ओढावी आणि कोऱ्या कागदावर वंशावळ काढतात तशी आकृती काढावी: वर तुकड्या किंवा गट, त्याखाली कप्पे किंवा तबकड्या, त्याखाली जनावरे किंवा तुकडे आणि सर्वांत खाली मापने. उपचार, लस, तापमान किंवा इतर जो बदल प्रयोगात केला असेल, तो या आकृतीच्या ज्या पायरीवर केला, तीच पायरी मोजायची असते. तिच्याखालच्या पायऱ्यांवर कितीही मापने घेतली, तरी स्वतंत्र नमुन्यांची संख्या वाढत नाही.

डुकरांच्या रोगावरील निबंधांत ही चूक सर्वांत सहज होते, म्हणून तेथे अधिक वेळ द्यावा. आफ्रिकन स्वाईन फिव्हर या रोगाचे पहिले वर्णन १९२१ मध्ये केनियातून प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये तो जॉर्जिया या देशात, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात पोहोचला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांत अतिशय घातक ठरतो. समजा, एका निबंधात चोवीस डुकरे चार कप्प्यांत ठेवली आहेत आणि त्यांपैकी दोन कप्प्यांना पाण्यातून लस दिली आहे. लेखक प्रत्येक गटात बारा डुकरे असल्याचे लिहितो. परंतु एका कप्प्यातील डुकरांचे पाणी, खाद्य आणि जमीन एकच असते, शिवाय विषाणू एका डुकराकडून दुसऱ्याकडे जातो. एक डुक्कर आजारी पडले की शेजारच्याचा आजार ही स्वतंत्र घटना राहत नाही. लस कप्प्याला दिली गेली, म्हणून प्रत्येक गटातील स्वतंत्र नमुने दोनच. विषाणू प्रत्येक जनावराला टोचून दिला, की टोचलेल्या जनावरांच्या सहवासात इतरांना ठेवले, हेही पाहावे, कारण या दोन पद्धतींनी मिळणारी उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची असतात. असे प्रयोग कडेकोट जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच करता येतात आणि तेथे जागा मोजकी असते. त्यामुळे जनावरांची संख्या कमी असणे हा दोष मानू नये. कमी संख्येतून मोठा दावा केला असेल, तर मात्र तो दोष आहे.

निदान कसे केले, हेही याच भागात तपासावे. ताप, त्वचेवरील लालसर-जांभळे डाग आणि अचानक मृत्यू ही लक्षणे क्लासिकल स्वाईन फिव्हरमध्येही दिसतात. आफ्रिकन स्वाईन फिव्हरचा विषाणू डीएनएचा आणि क्लासिकल स्वाईन फिव्हरचा आरएनएचा, असे हे दोन पूर्णपणे वेगळे विषाणू आहेत. तरीही केवळ लक्षणांवरून त्यांच्यात फरक करता येत नाही, प्रयोगशाळेतील चाचणीच लागते. पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती फेरीफेरीने वाढवतात; तिच्या तक्त्यात ‘सीटी’ नावाचा आकडा असतो, म्हणजे तो अंश दिसू लागेपर्यंत लागलेल्या फेऱ्या. तो जितका लहान, तितका विषाणूचा अंश जास्त. चाचणी पूर्ण कार्यक्षमतेने चालत असेल, तर ३.३ चा फरक म्हणजे सुमारे दहापट फरक. एकाच रक्तनमुन्याचे चाचणीच्या तबकडीवरील तीन खळग्यांत तीन वेळा केलेले मापन म्हणजे तीन डुकरे नव्हेत, हे आकृतीत सर्वांत खालच्या पायरीवर लिहून ठेवावे.

लेझरच्या निबंधात उलट परिस्थिती असते. तेथे मापने हजारोंनी असतात आणि वाचक त्या संख्येने दबून जातो. दहा हजार पल्स (प्रकाशाचे क्षणिक झोत) मोजून काढलेले प्रमाण विचलन, म्हणजे मापने सरासरीभोवती किती पसरली त्याचे माप, लेझर किती स्थिर आहे ते सांगते. ऊर्जामापक मुळातच पाच टक्के जास्त दाखवत असेल, तर दहा हजार मापनांची सरासरीही पाच टक्के जास्तच येते. म्हणून मापकाचे अंशांकन (कॅलिब्रेशन) कशाने केले आणि आरशांची मांडणी पुन्हा नव्याने करून प्रयोग किती वेळा केला, हे शोधावे. साधी पडताळणी स्वतःच करता येते. १० मिलिजूलची पल्स १० नॅनोसेकंद टिकत असेल, तर तिची शक्ती ढोबळमानाने एक मेगावॉट येते. निबंधातील आकडा याच्याशी जुळतो का, ते पाहावे. किरणाच्या ठिपक्याची त्रिज्या विशेष काळजीने तपासावी, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते: खरी त्रिज्या सांगितल्यापेक्षा दहा टक्के मोठी निघाली, तर प्रतिचौरस सेंटिमीटर पडणारी ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते. त्यातही गॉसियन, म्हणजे मध्यभागी सर्वांत तीव्र आणि कडेकडे मंद होत जाणाऱ्या, किरणात मध्यबिंदूवरील ऊर्जाघनता सरासरीच्या दुप्पट असते आणि लेखक दोहोंपैकी कोणती देत आहे, हे न पाहता दोन निबंधांची तुलना केली, तर उगाच दुपटीचा फरक दिसतो.

सिरॅमिकच्या चाचणीत मात्र मापनांतील फरक हाच अभ्यासाचा विषय असतो. लोखंडी पट्टी मोडण्याआधी वाकते. ॲल्युमिना या सिरॅमिकची पट्टी तिच्यातील सर्वांत घातक सूक्ष्म भेगेपासून एकाएकी तुटते. त्यामुळे एकाच भट्टीतून निघालेल्या सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचीही ताकद वेगवेगळी येते आणि केवळ सरासरी देणारा निबंध अपुरा ठरतो. ताकद किती विखुरलेली आहे ते मांडण्यासाठी स्वीडनचे अभियंते वालोदी वायबुल यांच्या नावाने ओळखले जाणारे संख्याशास्त्रीय वितरण येथे वापरतात; त्यातील मापांक जितका मोठा, तितकी ताकद एकसारखी. हा मापांक विश्वासाने काढण्यासाठी साधारण तीस पट्ट्या लागतात, पाच-सहा पट्ट्यांवरून दिलेला मापांक मी ग्राह्य धरत नाही. आकाराचाही परिणाम होतो: मापांक १० असेल आणि वस्तू दहापट आकारमानाची केली, तर तिची अपेक्षित ताकद सुमारे २१ टक्क्यांनी घटते, कारण मोठ्या वस्तूत मोठी भेग असण्याची शक्यता वाढते. याच कारणाने तीन बिंदूंवर वाकवून काढलेली ताकद चार बिंदूंवर वाकवून काढलेल्या ताकदीपेक्षा सहसा जास्त येते. पहिल्या पद्धतीत पट्टीचा फार थोडा भाग कमाल ताणाखाली असतो. तीसही पट्ट्या एकाच तबकडीतून कापल्या असतील, तर आपण पुन्हा एकाच फणीतील केळी मोजत आहोत. भाजणी किती वेळा केली, हा आकडा निबंधात नसेल, तर तो नसल्याची नोंद करावी.

लेझर आणि सिरॅमिक एकत्र येतात तो निबंध सरावासाठी उत्तम असतो. १९६१ पासून वापरात असलेल्या फ्लॅश पद्धतीत सिरॅमिकच्या तबकडीच्या एका बाजूवर क्षणिक प्रकाश, सहसा लेझरचा, टाकून दुसरी बाजू किती वेळात तापते ते मोजतात. उष्णतेची विसरणशीलता, म्हणजे उष्णता पदार्थातून किती झपाट्याने पसरते ते, काढताना जाडीच्या वर्गाला ०.१३८८ ने गुणून, तापमान कमाल वाढीच्या निम्म्यावर येण्यास लागलेल्या वेळाने भागतात. जाडीत दोन टक्के चूक झाली, तर उत्तरात चार टक्के चूक येते. म्हणून महागड्या लेझरच्या वर्णनाइतकेच लक्ष जाडी मोजलेल्या मायक्रोमीटरकडे द्यावे.

हे सारे झाल्यावरच निष्कर्ष वाचावा आणि आकृतीच्या शेजारी दोन ओळी लिहाव्यात: लेखकाने मोजलेली संख्या आणि आपण मोजलेली संख्या. दोन्ही जुळत नसतील, तर आधी आपलीच आकृती पुन्हा तपासावी, पुरवणी साहित्य उघडून पाहावे आणि तरीही उलगडा झाला नाही, तर निबंधात दिलेल्या पत्त्यावर लेखकाला नम्रपणे एकच नेमका प्रश्न विचारावा: उपचार कप्प्याला दिला होता की प्रत्येक जनावराला?